आयफोन का अँड्रॉइड: जाहिरातींचा पिच्छा कुठं लवकर सुटते?

सीताबर्डीत मोबाइल घ्यायला गेलं की दुकानदार कॅमेरा सांगते, बॅटरी सांगते, प्रायव्हसीचं कोणी बोलतच नाही भाऊ. आयफोनमध्ये एप्रिल २०२१ पासून, म्हणजे त्याच्या आयओएस १४.५ या सॉफ्टवेअरपासून, दुसऱ्या कंपन्यांच्या ॲप-वेबसाइटवर तुमचा माग काढायचा असला तर ॲपला आधी विचारावंच लागते, अन् सेटिंगमधल्या ट्रॅकिंगमध्ये जाऊन ते विचारणंच बंद केलं की कटकट संपली. अँड्रॉइडवर उलटं, विचारत कोणी नाही, आपणच सेटिंग, मग प्रायव्हसी, मग ॲड्स असं शोधत जाऊन ॲडव्हर्टायझिंग आयडी, म्हणजे जाहिरातवाले ज्यानं आपला फोन ओळखतात तो नंबर, डिलीट करा लागते, मग ॲपवाल्यांना त्या जागी नुसते शून्य दिसतात. एवढ्यानं भागत नाही बाप्पा, यूट्यूब अन् सर्चसाठी गूगल अकाउंटच्या माय ॲड सेंटरमध्ये आपली आवड पाहून जाहिराती दाखवणं अलग बंद करा लागते, तिथंच लोक विसरतात. ॲपलही काही संत नाही, त्याच्या स्वतःच्या जाहिरातींचं बटण वेगळंच ठेवलं आहे. आयफोन सोपा, हे खरं, पण निव्वळ यासाठी इतके पैसे काहून घालायचे? जाहिराती तर दोन्हीकडे येतातच, फक्त एकदा चप्पल शोधली म्हणून सगळीकडे चप्पलच दिसणं कमी होते.