व्हीआर अ‍ॅप आधी कुठे उतरवायचं: भारत, युरोप की अमेरिका?

शाळा किंवा कारखान्यांसाठी व्हीआर (आभासी वास्तव) प्रशिक्षण बनवत असाल, तर बाजार निवडण्याआधी हेडसेटमधला कोणता डेटा सर्व्हरवर न्यायचा ते ठरवा. नाव-ईमेल गाळलं म्हणजे डेटा निनावी झाला, असं होत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी फक्त डोक्याच्या आणि हातांच्या हालचालींवरून ‘बीट सेबर’ या व्हीआर खेळाच्या ५० हजारांहून अधिक खेळाडूंतून माणूस ओळखून दाखवला. १०० सेकंदांच्या नोंदीवर अचूकता ९४ टक्के होती.

युरोपात ओळख पटवण्यासाठी वापरलेला बायोमेट्रिक डेटा (शरीराच्या खुणांचा डेटा) जीडीपीआर या तिथल्या डेटा संरक्षण कायद्याच्या विशेष गटात मोडतो. स्पष्ट संमती किंवा मोजके अपवाद, एवढाच आधार. त्याहून अडचणीचा आहे एआय कायदा: शरीराच्या खुणांवरून कामगाराच्या किंवा विद्यार्थ्याच्या भावना ताडणं २ फेब्रुवारी २०२५ पासून तिथे बंद आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळून. नजरेवरून ‘ताण किती’ सांगणारा डॅशबोर्ड विक्रीला कितीही छान दिसो, युरोपच्या आवृत्तीतून तो काढाच.

भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात असा वेगळा संवेदनशील गट नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. म्हणून भारत सोपा वाटतो, पण मुलांच्या बाबतीत तो सगळ्यांत कडक आहे. इथे मूल म्हणजे १८ वर्षांखालचं (युरोपात देशानुसार १३ ते १६, अमेरिकेच्या ‘कॉपा’ या मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेच्या कायद्यात १३). पालकांची पडताळलेली संमती हवी, वर्तनावर पाळत आणि लक्ष्य करून जाहिराती नाहीत. दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. शिकवण्यापुरती सवलत शिक्षणसंस्थेला आहे, ती अ‍ॅप कंपनीने आपली समजू नये.

अमेरिकेत इलिनॉय राज्याची धास्ती ठेवा. २००८ च्या तिथल्या बायोमेट्रिक कायद्यात बुबुळ, आवाजाचा ठसा, हात-चेहऱ्याची भूमिती येते आणि ज्याचा डेटा घेतला तो माणूस स्वतः दावा लावू शकतो: निष्काळजीपणाला १,००० डॉलर, जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने केल्यास ५,०००. चालण्याची ढब त्या यादीत नाही.

आमचा कौल: प्रौढ कामगारांसाठी असेल तर आधी भारत. शाळांसाठी असेल तर वयाची अट पहिल्या दिवसापासून १८ धरूनच बांधा. नंतर बदलायला गेलात तर लॉगिनपासून सगळं उसवावं लागतं. नजर आणि हालचालीची प्रक्रिया हेडसेटवरच करा, सर्व्हरवर फक्त वेळ, चुका आणि निकाल पाठवा, कच्ची नोंद सत्र संपताच पुसा. शिवाय बाहेरून घेतलेलं अ‍ॅनालिटिक्स (वापराची आकडेवारी गोळा करणारं साधन) काय पाठवतंय, ते नेटवर्क लॉग उघडून तपासा. गळती तिथूनही होऊ शकते.