नौपाड्यातील डिझाइन नोंदणी सेवा: कपड्यांची नक्कल रोखण्यास कितपत उपयोगी?

स्वतःच्या नक्ष्या तयार करून कपडे विकणारी छोटी बुटिके ठाण्यात पुष्कळ आहेत. मात्र त्यांच्या डिझाइनची नोंदणी करून देणारे, आणि नोंदणी कुठे निरुपयोगी ठरेल हेही आधीच सांगणारे कार्यालय सहसा सापडत नाही. नौपाड्यातील या बौद्धिक संपदा सल्लागार कार्यालयाकडे कुर्त्यांच्या आणि दुपट्ट्यांच्या काही छापील नक्ष्या घेऊन गेले असता, कागद उघडण्यापूर्वीच विचारण्यात आले की, यांपैकी कोणती नक्षी इन्स्टाग्रामवर टाकली आहे किंवा विकली गेली आहे. डिझाइन कायदा, २००० नुसार अर्जाच्या तारखेपूर्वी भारतात किंवा भारताबाहेर कुठेही जाहीर झालेले डिझाइन नोंदणीस पात्र ठरत नाही आणि चुकून नोंदले गेले तरी त्याच कारणास्तव रद्द होऊ शकते. आधीच विक्रीस आलेल्या नक्ष्या त्यांनी बाजूला काढल्या आणि त्यांचे शुल्क घेतले नाही. सरसकट सगळ्याचे अर्ज भरून पैसे घेणे त्यांना सहज शक्य होते, म्हणून ही गोष्ट मला मोलाची वाटते. प्रदर्शनांना कायद्यात सवलत आहे. पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती, तीही पूर्वसूचना देऊन आणि सहा महिन्यांत अर्ज करण्याच्या अटीवर. लग्नसराईपूर्वी आपल्याकडच्या सभागृहांत भरणाऱ्या विक्रीला तिचा आधार घेता येत नाही.

नक्षी कागदावर रेखाटली की कॉपीराइट आपोआप मिळतोच, मग नोंदणीचा खटाटोप कशाला, असा आमच्या व्यवसायात सर्रास समज आहे. या शंकेचे येथे मिळालेले उत्तर मला सर्वांत समाधानकारक वाटले. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १५ नुसार, नोंदणीस पात्र असूनही न नोंदलेले डिझाइन ज्या वस्तूवर वापरले आहे, तिचे औद्योगिक प्रक्रियेने पन्नासहून अधिक नग तयार झाले की त्या डिझाइनवरील कॉपीराइट संपतो. चार-पाच मापे आणि तीन रंग धरले, तर कुर्त्यांचा एक साधा लॉटसुद्धा ही मर्यादा ओलांडतो. फॅशन डिझायनर रितू कुमार यांच्या कंपनीने ‘बिबा’ या कपड्यांच्या ब्रँडविरुद्ध केलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयात २०१६ साली याच मुद्द्यावर टिकला नाही; उलट तरुण तहिलियानी यांच्या कंपनीच्या प्रकरणात २००८ साली तयार नगांची संख्या पन्नासच्या आत असल्याने कॉपीराइट शाबूत राहिला. कलाकृती कोणती आणि डिझाइन कोणते, हे ठरवण्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ‘क्रायोगॅस’ प्रकरणात घालून दिली. तो वाद वायुवाहू ट्रेलरच्या आराखड्यांचा होता, तरी त्याचा कपड्यांशी काय संबंध पोहोचतो हे वकीलबाईंनी न कंटाळता समजावून सांगितले.

अर्जाचा मसुदा मात्र पहिल्या वेळी निराशाजनक होता. साहाय्यकाने संपूर्ण दुपट्ट्याचे नावीन्य सांगताना त्याच्या नारळी काठावरही हक्क सांगितला होता, जो पिढ्यान्‌पिढ्या विणला जातो आणि कोणा एकाच्या नावावर होऊच शकत नाही. वरिष्ठांनी तो भाग वगळून नावीन्य केवळ मधल्या नक्षीपुरते मर्यादित केले, हे योग्यच झाले; परंतु अशी चूक मसुदा ग्राहकाच्या हाती येण्याआधीच सापडायला हवी होती. दुसरी तक्रार खर्चाची. नोंदणीसाठी तयार कपडे एका वर्गात आणि थानातील कापड दुसऱ्या वर्गात मोडते, त्यामुळे तीच नक्षी दोन्हींसाठी सुरक्षित करायची तर स्वतंत्र अर्ज लागतो, हे मला दरपत्रक मान्य केल्यानंतर कळले. व्यक्तीसाठी अर्जाचे सरकारी शुल्क १,००० रुपये आहे. बिलाचा मोठा भाग कार्यालयाच्या स्वतःच्या शुल्काचा असतो आणि तोही प्रत्येक अर्जामागे आकारला जातो.

नोंदणी दहा वर्षे टिकते आणि मुदतीत अर्ज केल्यास आणखी पाच वर्षे वाढते. कुर्त्याची फॅशन दोन हंगामांत उतरते, तेव्हा एवढ्या मुदतीचे करायचे काय, असा प्रश्न पडतो खरा. पण छापाची नक्षी वर्षानुवर्षे वेगवेगळ्या कापडांवर फिरते, आणि नोंदणीचा खर्च वसूल होतो तो अशाच नक्ष्यांवर. नुसत्या गळ्याच्या किंवा बाहीच्या किरकोळ फेरफारासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही, आणि कार्यालयानेही तो सुचवला नाही.

नक्कल प्रत्यक्ष सापडल्यावर काय, याची माहिती मात्र खोदून विचारावी लागली. कायद्यात प्रत्येक उल्लंघनासाठी २५,००० रुपयांपर्यंतची ठरावीक रक्कम आहे आणि एका डिझाइनसाठी तिची कमाल मर्यादा ५०,००० रुपये. याऐवजी नुकसानभरपाई आणि मनाई हुकूम मागता येतो. दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली दाखल होत नाही, म्हणजे आपल्यासाठी तो ठाण्यातच दाखल होऊ शकतो. मात्र प्रतिवादीने ‘हे डिझाइन मुळात नवीन नव्हतेच’ असा बचाव घेतला की प्रकरण उच्च न्यायालयाकडे वर्ग होते आणि खर्चाचे गणित पार बदलते. नक्कल करणारा हा बचाव घेणार, हे गृहीतच धरावे.

लॉट कापायला देण्यापूर्वी, छायाचित्रे काढण्याच्याही आधी ज्यांना नक्ष्या दाखवता येतील, त्यांनी येथे अवश्य जावे. कायदेशीर नोटीस, हरकतीला उत्तर आणि मुदतवाढ यांचे दर मूळ शुल्कात धरलेले नाहीत. ते पहिल्याच भेटीत लेखी मागून घ्यावेत. शनिवारी दुपारनंतर वरिष्ठ वकील बसत नाहीत, त्यामुळे मसुद्यावरची चर्चा आठवड्यातल्या इतर दिवशी ठेवणे बरे.