सदरचा शनिवारचा प्रकटीकरण वर्ग: भीती वाटत असेल तर जरूर जा

जगाच्या शेवटाबद्दलचे, म्हणजे श्वापद, त्याचा शिक्का, महासंकट या विषयांवरचे व्हिडिओ पाहून आमच्या मंडळीतली कॉलेजची पोरं खरंच घाबरली आहेत. त्यांना उत्तर देता यावं म्हणून मी सदर भागातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये बायबलच्या शेवटच्या पुस्तकावर, प्रकटीकरणावर, चालणाऱ्या अभ्यासवर्गाला नाव दिलं. फी नाही, झेरॉक्सचे पैसे तेवढे द्यायचे. शिकवतात एक निवृत्त पाळकसाहेब, स्वच्छ मराठीत.

त्यांचा पहिलाच आग्रह मला पटला. हे पुस्तक आधी इफिस, स्मुर्णा, पर्गम अशा सात मंडळ्यांना पाठवलं होतं, मग त्यांना काय समजलं असेल ते आधी विचारा. त्यात श्वापदाचा आकडा म्हणून दिलेल्या ६६६ वर त्यांनी फळ्यावर बेरीजच मांडली. हिब्रूत प्रत्येक अक्षराला एक संख्या असते; ‘नेरोन कैसर’, म्हणजे रोमन सम्राट नीरो, हिब्रू अक्षरांत लिहिलं की ५०, २००, ६, ५० आणि १००, ६०, २००, एकूण ६६६. शेवटचा ‘न’ काढला की ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखर ६१६ च आहे! हॉलमध्ये सगळे वह्या काढून बेरीज करत होते.

पण प्रीटेरिस्ट बाजू, म्हणजे बहुतेक भाकितं पहिल्या शतकातच पूर्ण झाली असं मानणारं वाचन, इतकी रंगवूनही त्यांनी तिची अडचण झाकली नाही. दुसऱ्या शतकातले बिशप इरेनियस यांच्या म्हणण्याप्रमाणे पुस्तक रोमन सम्राट दोमितियनच्या काळातलं, म्हणजे साधारण इ.स. ९५ चं असेल, तर ७० साली पडलेल्या यरुशलेमेचं भाकीत त्यात कसं शोधायचं?

हिस्टॉरिसिस्ट पद्धतीत भाकितं मंडळीच्या साऱ्या इतिहासात शोधतात आणि त्यातल्या एका दिवसाचं एक वर्ष धरतात. अमेरिकन प्रचारक विल्यम मिलर यांनी दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस इ.स.पू. ४५७ पासून मोजले, आणि २२ ऑक्टोबर १८४४ ला त्यांचे अनुयायी प्रभूची वाट बघत राहिले. हे ऐकताना मला त्या माणसांसाठी फार वाईट वाटलं.

फ्युच्युरिस्ट, म्हणजे बहुतेक भाकितं अजून पूर्ण व्हायची आहेत असं मानणाऱ्या बाजूला वर्गातले निम्मे लोक होते. महासंकटाआधी मंडळी स्वर्गात उचलली जाईल ही मांडणी एकोणिसाव्या शतकात डार्बी या प्रचारकांनी पसरवली आणि १९०९ च्या, स्कोफिल्ड यांच्या टिपा असलेल्या बायबलने घरोघरी नेली, हे ऐकून एक ताई बराच वेळ वाद घालत होत्या. पाळकसाहेबांनी त्यांना शेवटपर्यंत बोलू दिलं.

तक्रार एकच. आयडियलिस्ट वाचनाला, म्हणजे पुस्तक कुठल्या एका काळाशी न बांधता चांगल्या-वाईटाच्या झगड्याचं चित्र मानण्याला, जेमतेम अर्धा तास मिळाला. आजारी माणसाच्या उशाशी बसून वाचायला तेच कामी येतं, म्हणून त्याला पूर्ण संध्याकाळ हवी होती. दानीएल ९ मधले सत्तर सप्तक, म्हणजे सत्तर आठवड्यांचं भाकीत, तेही घाईत उरकलं.

माझ्यापुरतं ठरलं आहे: बराचसा भाग पहिल्या शतकातल्या छळ सोसणाऱ्यांसाठी, आणि शेवटचा न्याय व नवं आकाश अजून यायचं. पोरांना मी आता मार्क १३:३२ आधी वाचून दाखवते. तो दिवस पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, मग तारखा सांगणाऱ्यांचं का ऐकायचं?

वर्गाला जाताना स्वतःचं पवित्र शास्त्र न्या. झेरॉक्सचा टाइप फार बारीक आहे, चष्मा विसरू नका.