पंधरा वर्षांची पण जेमतेम चाललेली गाडी: पुन्हा पासिंग करावं की नवी घ्यावी?

२०११ची पेट्रोल वॅगनआर, एलएक्सआय. सिंगल ओनर, रीडिंग ४५ हजारांच्या आत, रस्त्यात कधी बंद पडल्याचं कुणाला आठवत नाही. अशी गाडी दारात असलेली बरीच मंडळी सध्या पेचात आहेत, कारण २०२६मध्ये आरसीची, म्हणजे नोंदणीची, पंधरा वर्षं भरतायत. त्यात २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, आणि घरातली मुलं म्हणायला लागली की आता नाही तर कधी?

आधी एक गैरसमज बाजूला काढू. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, हे प्रकरण दिल्ली परिसरातलं. महाराष्ट्रात गाडी तपासून पुढची पाच वर्षं मिळतात. फी ५,००० रुपये, वर पर्यावरण कर, एचएसआरपी नंबरप्लेट बसवलेली नसेल तर तिचे ७४५ रुपये आणि त्यावर जीएसटी. एजंट धरलात तर त्याचे वेगळे. वीस वर्षांनंतर हीच फी १०,००० होते, पण तो प्रश्न २०३१चा.

पैशांत बघायचं तर

नवी गाडी एक्स-शोरूम साडेसहा लाखांची धरू. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ७१,५००. विमा आणि बाकीचं सगळं धरून ऑन रोड साडेसात लाखांच्या पुढेच जाते. त्यातले पाच लाख ९ टक्क्यांच्या कर्जाने पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे १०,४००, आणि नुसतं व्याज सव्वा लाखाच्या घरात.

हप्ता सगळेच मोजतात, घसारा कुणी मोजत नाही. विम्याच्या तक्त्यात पाच वर्षांची गाडी निम्म्या किमतीची धरतात. साडेसहाचे झाले सव्वातीन. म्हणजे वर्षाला ६५,००० रुपये गाडी पार्किंगमध्ये उभी असली तरी गेले. तुमचं रनिंग वर्षाला तीन हजार किलोमीटर असेल, तर किलोमीटरमागे साडेएकवीस रुपयांहून जास्त. मुंबईत फेब्रुवारी २०२५पासून रिक्षाचं मीटर पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये दाखवतं, म्हणजे किलोमीटरला सतरा-साडेसतरा. टाकीत पेट्रोल पडायच्या आधीच नवी गाडी रिक्षाहून महाग!

‘नवीला मायलेज चांगलं’ हे खरं, पण इतक्या कमी रनिंगला त्यातून हाती काय लागतं? पंधराऐवजी एकोणीसचं मायलेज मिळालं, तर तीन हजार किलोमीटरला ४२ लिटर वाचतील. साडेचार हजार रुपये धरा.

जुन्या गाडीला थर्ड पार्टी विमा २,०९४ रुपये अधिक जीएसटी (इंजिन ९९८ सीसी, हजाराच्या आत), शिवाय सर्व्हिसिंग, पीयूसी, आणि वर्षाआड एखादं मोठं काम. सढळ हाताने धरले तरी वर्षाला २५-३० हजार. पैशांत जुनीच जिंकते, आणि चांगल्या फरकाने.

कमी चालली म्हणजे ठणठणीत असं नाही

रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३२१७ असेल तर तो टायर २०१७च्या ३२व्या आठवड्यात बनलाय. वरची नक्षी नव्यासारखी दिसेल, पण कडेला नख फिरवा, बारीक भेगा लागतील. पावसात ब्रेक मारल्यावर असा टायर धरत नाही. सहा-सात वर्षांच्या पुढचे चारही बदला, स्टेपनीसकट. सस्पेन्शनचे बुश, कूलंटचे पाइप, ब्रेक ऑइल यांचंही वय बघा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं.

इथेनॉलचं तसंच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच अशा जुन्या चारचाकींचं मायलेज ६-७ टक्क्यांनी घटेल असं म्हटलेलं आहे. तुमच्या रनिंगला ते वर्षाला १३-१४ लिटर, सोडून द्या. काळजी आहे ती महिनोन्‌महिने उभ्या गाडीची, कारण इथेनॉलही पाणी ओढतं. पेट्रोलचे रबरी पाइप मेकॅनिककडून एकदा तपासून घ्या. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालवून उपयोग नाही, आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा.

घोडं पेंड खातं ते सुरक्षिततेपाशी

या गाडीत एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. चालकाची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९मध्ये, शेजारच्या सीटची २०२१च्या अखेरीस. गावातल्या गावात, मंडई-बँक-दवाखाना एवढंच फिरणं असेल तर मी पासिंग करून घेईन आणि विषय संपवीन. पण दर महिन्याला नातवंडांना घेऊन एक्स्प्रेसवेने जाणं होत असेल, तर वरचा सगळा हिशोब माझ्यापुरता रद्द. तिथे ताशी शंभरने चाललेल्या गाड्यांमध्ये ही गाडी घालू नये, इंजिन कितीही गोड चालत असो.

आणि नवी घेताना नुसत्या एअरबॅगा मोजू नका. दोन एअरबॅगवाल्या वॅगनआरला २०२३मध्ये ग्लोबल एनकॅपच्या, म्हणजे गाडी मुद्दाम धडकवून बघण्याच्या, चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी एकच तारा मिळाला होता. आता तिच्यात सहा एअरबॅग येतात, पण बॉडी किती तग धरते हे वेगळं बघावं लागतं. टाटा पंचला २०२१मध्येच तिथे पाच तारे मिळाले. ऑक्टोबर २०२३पासून आपली भारत एनकॅपही आहे. शोरूममध्ये सनरूफच्या आधी तिथला निकाल मागा.

साडेसात लाख जिवावर येत असतील तर २०२२ किंवा नंतरची सेकंड हँड गाडी बघा. दोन एअरबॅग आणि एबीएस त्यात असणारच, आणि सुरुवातीचा मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. फक्त मीटरवरच्या रीडिंगवर विश्वास ठेवू नका. सर्व्हिसची जुनी बिलं मागा आणि विम्याचे क्लेम किती झाले ते विचारा.