डिझेलची टाकी बदलली, त्याला नऊ महिने झाले

आमच्या मासेमारीच्या बोटीतली गळती पहिल्यांदा कळली ती हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावात. एका व्यापाऱ्याने सुरमईचा कल्ला उघडून नाकाजवळ नेला आणि काही न बोलता टोपली बाजूला सरकवली. डिझेलचा वास! इंजिनाच्या खणातलं डिझेल फळीतून झिरपत बर्फाच्या खणापर्यंत पोचलं होतं. बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर रंगीत तवंग महिनाभर दिसत होता, पण आम्ही रिटर्न पाइपला, म्हणजे इंजिनातलं उरलेलं डिझेल टाकीत परत आणणाऱ्या नळीला, दोष देत बसलो.

बोट जुनी, लाकडी, वरून फायबर चढवलेली. टाकी ४५० लिटरची, साध्या लोखंडी पत्र्याची, बाबांच्या काळातली. भर हंगामात ती बाहेर काढायची म्हणजे डेक उघडायचा, म्हणून आधी डागडुजी केली. तेलकट पत्र्यावर लावलेली इपॉक्सी पुट्टी तीन आठवड्यांत पापुद्र्यासारखी सुटली. मग वेल्डर बोलावला. तो टाकी उपसून लगेच टॉर्च पेटवायला निघाला. आमच्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, त्याला थांबवलं. "दादा, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट." खरंच आहे. तळाशी राहिलेलं डिझेल तापलं की त्याची वाफ होते, आणि बंद टाकीत ती वाफ पेटली तर टाकीचा बॉम्ब होतो. टाकी धुऊन, वेल्डिंगच्या जागेच्या जरा खालपर्यंत पाणी भरून मगच काम केलं. ठिगळ छान बसलं. पण शेजारचा पत्रा आतून इतका पातळ झाला होता की दीड महिन्यात चार बोटांवर नवं भोक पडलं. या दोन्ही उपायांवर गेलेले पैसे मी बुडीत खात्यातच धरतो.

१ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली, बोट आंजर्ल्याच्या खाडीत नेली आणि शाकारण्याआधी डेकच्या फळ्या काढून चेनपुलीने टाकी वर घेतली. वरचा पत्रा ठणठणीत, ठिगळाजवळचा भाग सोडला तर बाजूही ठीक. तळ मात्र चाळणीसारखा, आणि तोही बाहेरून! टाकी थेट लाकडी ओंडक्यांवर ठेवलेली, मध्ये कोणीतरी गोणपाट घातलेलं. वीस-बावीस वर्षं ते खारं पाणी पिऊन लोखंडाला चिकटून होतं. आत तळाशी काळा बुळबुळीत गाळ. डिझेलखाली साठलेल्या पाण्याच्या कडेला जंतू वाढतात, त्यांची ही घाण. यातलं काही पाणी हवेतलं. पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवली की वरच्या रिकाम्या जागेतली दमट हवा गार पत्र्यावर घाम धरते. उपाय सगळ्यांना माहीत आहे, टाकी काठोकाठ भरून ठेवायची. पण बंदीचे दोन महिने एवढे पैसे टाकीत कोण अडकवून ठेवणार?

नवी टाकी ३१६ एल जातीच्या स्टेनलेसची, ३ मिमी पत्रा. ३०४ जातीचं स्वस्त पडत होतं, पण साचलेल्या खाऱ्या पाण्यात त्याला बारीक खड्डे लवकर पडतात, वेल्डच्या कडेला तर हमखास. साध्या लोखंडात तेच काम साधारण तिसऱ्या हिश्शात झालं असतं. माप १२०० × ७५० × ५०० मिमी, आत डिझेल हेलकावू नये म्हणून दोन आडपडदे. पडद्यांचे खालचे कोपरे कापायला सांगा, नाहीतर पाणी मधल्या कप्प्यात अडकतं आणि ड्रेनपर्यंत, म्हणजे तळाचं पाणी काढायच्या तोटीपर्यंत, येतच नाही. टाकी बनवणाऱ्या आमच्या फॅब्रिकेटरने ते विसरून पडदे जोडले होते, झाकण बसायच्या आधी दिसलं म्हणून वाचलो. रिकाम्या टाकीचंच वजन शंभर किलोच्या पुढे भरलं.

दाब-चाचणीसाठी फॅब्रिकेटर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणत होता. नको म्हटलं. चाचणीचा ०.२ बार दाब म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण सर्वांत मोठ्या पृष्ठावर तेवढ्याने जवळजवळ १.८ टनांचा जोर येतो, आणि कॉम्प्रेसरवरचा हात जरा सुटला तर टाकी फुगा होते. आम्ही टाकी पाण्याने भरली, वर दोन मीटरचा उभा पाइप लावून तोही भरला, म्हणजे दाब तेवढाच ०.२ बार, आणि रात्रभर ठेवलं. सकाळी एका वेल्डवर थेंब धरला होता. तो वेल्ड पुन्हा मारून घेतला.

माझ्या मते खर्च खरा वसूल झाला तो टाकीखालच्या बैठकीत. ओंडक्यांवर कडक प्लास्टिकच्या पट्ट्या, त्या टाकीला सीलंटने घट्ट चिकटवलेल्या, म्हणजे मध्ये पाणी शिरायला फट नाही, आणि खाली इंचभर मोकळी हवा. लोखंडाचीच टाकी घेतली असती तरी हे केलंच असतं. डिझेल भरण्याचा जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइपही काढून टाकला, कारण जस्ताचं आणि डिझेलचं जमत नाही. सगळं मिळून, डेक धरून, लाखाच्या थोडं वर गेलं.

आता नऊ महिन्यांचा हिशेब. गळती शून्य, पंपाच्या पाण्यावर तवंग नाही, सुरमईला पुन्हा भाव. दर पंधरवड्याला ड्रेन उघडतो, सुरुवातीला कपभर पाणी निघायचं, आता चमचाभर. पण ऑगस्टमध्ये दोनदा इंजिन भर समुद्रात बंद पडलं, दोन्ही वेळा फिल्टर तुंबलेला. चूक माझीच. जुन्या टाकीतलं डिझेल नुसतं फडक्यातून गाळून नव्या टाकीत ओतलं होतं, काटकसर म्हणून. दोन फिल्टर आणि एक फुकट गेलेली फेरी, त्यात ती काटकसर कधीच बुडाली. दुसरी तक्रार आवाजाची. लाट बसली की पत्रा ढोलासारखा वाजतो. पट्टे आवळून कमी झालं, गेलं नाही. आणि पातळी दाखवणारी नळी अशा बाजूला लावली आहे की ती बघायला इंजिनावरून वाकावं लागतं. खलाशी अजून काठी बुडवूनच मोजतो.

स्टेनलेस किती वर्षं जाईल हे नऊ महिन्यांत ठरत नाही. येत्या बंदीत वरचं झाकण उघडून तळाच्या वेल्डवरून हात फिरवणार आहे, आणि ती नळी पलीकडे घेणार आहे. फॅब्रिकेटरला आत्ताच सांगून ठेवलंय, जूनमध्ये तो कोणाला सापडत नाही.