बुर्गम्युलरचा ओपस १००: एकट्याने पियानो शिकणाऱ्यांसाठी पंचवीस रचना

शिक्षकाविना पियानो शिकणाऱ्याने रचना निवडताना ती किती गोड आहे यापेक्षा, वाजवताना झालेली चूक आपल्याच कानाला कळेल का, हे आधी पाहावे. पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या फ्रीडरिश बुर्गम्युलर (१८०६–१८७४) या जर्मन संगीतकाराचा ओपस १०० (ओपस म्हणजे संगीतकाराच्या कृतीचा क्रमांक) हा पंचवीस अभ्यासरचनांचा संग्रह या कसोटीवर मला सर्वांत सरस वाटतो.

बेथोव्हनच्या ‘फ्युर एलिझे’चा आरंभ सोपा असल्याने अनेक जण तिथूनच सुरुवात करतात; परंतु मधल्या भागांत वेगवान स्वर येताच हात अडतो आणि रचना अर्धवट राहते. बुर्गम्युलरच्या रचना बहुतेक एक-दोन पानांच्या आहेत आणि प्रत्येकीत एखादाच प्रश्न मुख्य असतो, त्यामुळे त्या खरोखर पूर्ण होतात.

दुसरी रचना ‘आरबेस्क’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. डाव्या हाताच्या तुटकपणे वाजवलेल्या कॉर्ड्सवर (एकाच वेळी वाजवलेल्या स्वरसमूहांवर) उजवा हात जलद स्वरांची एक छोटी आकृती वाजवतो आणि काही मापांनंतर (तालाच्या छोट्या विभागांनंतर) तीच आकृती डाव्या हाताकडे जाते. उजव्या हातातले वादन नुकतेच कानावरून गेलेले असल्याने डाव्या हातातला असमानपणा लपत नाही. शिक्षकाने बोट ठेवावे ते काम येथे रचनाच करते. पंधराव्या ‘बालाद’मध्ये सुरुवातीला चाल खाली डाव्या हातात आहे आणि वर उजव्या हाताच्या कॉर्ड्स सतत चालू असतात. त्या हलक्या ठेवल्या नाहीत तर चालच बुडते, आणि स्वतःचे वादन ध्वनिमुद्रित करून ऐकल्यास हे तत्काळ लक्षात येते.

मूळ शीर्षकातच या रचना लहान हातांच्या आवाक्यासाठी असल्याचे म्हटले आहे, त्यामुळे प्रौढ हातांना ताण पडत नाही.

उणिवाही आहेत. दोन्ही क्लेफ (स्वरलेखनात उंच व खालचे स्वर दाखवणारी चिन्हे) वाचता येत नसतील तर हा संग्रह पहिले पुस्तक म्हणून घेऊ नये. छापलेले वेग अवाजवी आहेत. ‘आरबेस्क’साठी अनेक आवृत्त्यांत मिनिटाला १५२ ठोके दिलेले असतात, पण ८० ते १०० वर स्वच्छ वाजले तरी रचना पूर्ण खुलते. शिवाय डावा हात बराच काळ साथीपुरताच राहतो. ही उणीव भरून काढण्यासाठी योहान सेबास्टियान बाखची पत्नी आना माग्दालेना बाखच्या १७२५ च्या वहीतील जी मेजर या स्वरश्रेणीतील मिन्युएट (एक नृत्यरचना) सोबत घ्यावे. ते दीर्घकाळ बाखचेच मानले गेले, पण प्रत्यक्षात ख्रिस्टियान पेत्सोल्ड या संगीतकाराचे आहे. त्यात डाव्या हातालाही स्वतःची चाल आहे.

स्वामित्वहक्क संपल्यामुळे मूळ स्वरलेखन विनामूल्य मिळते. मात्र कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा हे सांगणारे बोटांचे क्रमांक छापलेली आवृत्तीच घ्यावी. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या रचनेपासून आरंभ करावा व विसावी ‘तारांतेला’ बरीच पुढे ठेवावी.