‘लाइटफास्ट’ म्हणून विकलेला रेझिनचा राणी रंग

ठाण्यात रेझिनच्या (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रवाच्या) नेमप्लेट ओतून विकणे हाच माझा उदरनिर्वाह आहे. स्टेशन परिसरातील एका दुकानदाराने मला राणी रंगाची पिगमेंट पेस्ट विकली. डबीवर ‘लाइटफास्ट’, म्हणजे उन्हात न उडणारा, एवढाच शब्द होता. उत्पादकाचे किंवा भरणाऱ्याचे नाव नव्हते. मोठ्या डब्यातून काढून दिलेला आयात माल असून तो बाहेरच्या दारावर वर्षानुवर्षे टिकेल, अशी खात्री त्याने दिली. उन्हाळा संपण्यापूर्वीच पश्चिमेकडे तोंड असलेल्या दारांवरील पाट्या विटून फिक्या पडल्या.

जाब विचारल्यावर त्याने दोष रेझिनवर ढकलला. हे उत्तर अर्धवट खरे असल्यामुळेच घातक आहे. अतिनील किरणांमुळे मी वापरते ते इपॉक्सी रेझिन पिवळे पडते. परंतु त्यामुळे रंगावर पिवळसर झाक येते, रंग नाहीसा होत नाही. शिवाय त्याच रेझिनमध्ये, त्याच दिवशी ओतलेल्या आणि त्याच उन्हात लावलेल्या निळ्या पाट्या जशाच्या तशा होत्या. डबीतील थोडी पेस्ट स्पिरिटमध्ये ढवळून टिश्यू कागदावर टाकली, तेव्हा सगळा गुलाबी रंग द्रवाबरोबर कडेपर्यंत पसरला आणि मध्ये कण म्हणून काहीच उरले नाही. म्हणजे ते पिगमेंट नव्हते, विरघळणारा डाय होता. डायचे रेणू सुटे असल्याने प्रकाश त्यांना लवकर मोडतो, तर पिगमेंटच्या न विरघळणाऱ्या कणात पृष्ठभागाखालचे रेणू बरेच सुरक्षित राहतात.

सर्वच पिगमेंट टिकाऊ असतात असेही नाही. अलिझरिन क्रिमसन म्हणजे पीआर (पिगमेंट रेड) ८३ उन्हात उडतो आणि फ्लुओरेसंट रंग तर फारच लवकर. म्हणून ‘लाइटफास्ट’ या शब्दावर न जाता कलर इंडेक्स क्रमांक, म्हणजे पीआर ८३ सारखा त्या पिगमेंटचा ओळख क्रमांक, लेखी मागावा. राणी छटेसाठी क्विनाक्रिडोन पीआर १२२, निळ्यासाठी थॅलो पीबी १५:३, हिरव्यासाठी पीजी ७, विटकरीसाठी आयर्न ऑक्साइड पीआर १०१, पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड पीडब्ल्यू ६ हे भरवशाचे आहेत. रंग प्रकाशात किती टिकतो हे सांगणारी ब्लू वूल मोजपट्टी १ (सर्वांत कच्चा) ते ८ (सर्वांत टिकाऊ) अशी असते. बाहेर लावायच्या वस्तूसाठी ७ किंवा ८ च हवा. क्रमांक सांगण्यास जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्याकडून रंग घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकानदाराने पैसे परत केले नाहीत, म्हणून मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ‘तुम्ही व्यावसायिक आहात, ग्राहक नाही’ असे तो म्हणाला. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेला माल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्यावसायिक हेतूचा ठरत नाही. बिल, डबी आणि विटलेली एक पाटी मात्र जपून ठेवावी लागते. नवा रंग आल्यावर मी आता त्याची पट्टी ओतून, अर्धी ॲल्युमिनियम फॉइलने झाकून गच्चीवरील उन्हात ठेवते आणि दोन्ही भागांतील फरक पाहिल्याशिवाय ऑर्डर घेत नाही.